आत्याचा डोळा आणि अंड्याची तबकडी

आमची आत्या मनगटावर घड्याळ बांधत नाही. रस्त्यात कुणालाही थांबवून "वाजले किती हो?" असं विचारते आणि त्याने सांगितलेली वेळ ऐकतच नाही. ती त्याच्या मनगटाकडे बघत असते. "तुमचा चार जरा पुढे कललाय," असं सांगते आणि चालू लागते. माणूस तिथेच उभा राहून स्वतःच्या घड्याळाकडे बघत बसतो. मी मागून जाते आणि त्याचं तोंड बघून घेते, रात्री जेवताना बाबांना करून दाखवायला उपयोगी पडतं.

घड्याळाची तबकडी म्हणजे काट्यांच्या मागचा गोल चेहरा. तो आत्या काढते, गेली सव्वीस वर्षं. वयाच्या विसाव्या वर्षी ती भिंतीवरच्या घड्याळांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. कारखाना म्हणजे काय, तर खाली दोन खोल्या, वर एक, आणि मधे असा जिना की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे जायचं. एकदा तिने खोक्याच्या झाकणावर नुसता वेळ घालवायला म्हणून सातचा आकडा काढला. तेव्हाच्या मोठ्या मालकांनी, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांनी, ते झाकण उचललं, लांब धरलं, जवळ धरलं आणि विचारलं, "बाकीचे अकरा येतात का?" तेव्हापासून आत्या वरच्या खोलीत.

आधी कंपास आणि पेन होतं. मग अकरा वर्षं एक कॉम्प्युटर होता, पाठीवर पोतं घेतल्यासारखा मॉनिटर असलेला. पण रीत तीच. आत्या मोजत नाही, बघते. "मोजून बसवलेले आकडे शाळेतल्या रांगेसारखे दिसतात," ती म्हणते, "सगळे सरळ आणि सगळे रडवेले. बघून बसवले की हसतात." बारा हा दोन आकड्यांचा ऐवज, त्याला जरा बारीक करावं लागतं. सहा बुडाने जड, त्याला जरा उचलावं लागतं. हे सगळं ती डोळे बारीक करून, मान डावीकडे टाकून, ओठ पुढे काढून करते. (हा चेहरा मला फार चांगला येतो. आईला सुद्धा हसू आवरत नाही, आणि आईचं हसू म्हणजे सहामाही परीक्षा, सारखी होत नाही.)

कॉम्प्युटरवर काही ओढलं की कोपऱ्यात रुंदी आणि उंचीचे आकडे लुकलुकतात. आत्याला त्यांचा राग. "मी बघतेय ना? मग हे मधेच काय बडबडतात?" म्हणून तिने त्या कोपऱ्यावर जखमेवर लावतात तशी चिकटपट्टी लावून टाकली होती. अकरा वर्षं पट्टी तिथेच होती. फक्त मळली की बदलायची.

तर यंदा जुन्या कॉम्प्युटरने राम म्हटला आणि नवा आला. लांबरुंद, सडपातळ, भिंतीला टेकून उभा. बसवायला आला तो कॉम्प्युटरवाला. त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नाही, कारण तो स्वतःच नाव सांगायच्या आधी "टेन्शन नाही!" म्हणतो. त्यामुळे आम्ही त्याला टेन्शननाहीच म्हणतो. त्याचं बोलणं असं: "टेन्शन नाही, मावशी! सगळं ऑटोमॅटिक आहे. स्क्रीन कोणती, केवढी, सगळं हा स्वतः ओळखतो. आपण फक्त वायर लावायची आणि चहा प्यायचा. जुन्या फायली जशाच्या तशा आणून ठेवल्यात. टेन्शन?"

"नाही," आत्या म्हणाली. म्हणावंच लागतं, नाहीतर तो पुन्हा विचारतो.

वायर जुन्या मॉनिटरचीच लावली. ते मालकांमुळे. मालक प्रत्येक वाक्याआधी "मी काय म्हणतो" म्हणतात आणि मग इतका वेळ थांबतात की आपल्याला वाटतं, खरंच काय म्हणतात ते विसरले. "मी काय म्हणतो... चांगली वायर आहे. टाकायची कशाला?" एवढं बोलून ते खाली गेले. स्क्रीनही त्यांनी हट्टाने आपल्या भाषेत करून घेतली होती, स्वतःला वाचता यावी म्हणून. नंतर त्याचाच फायदा झाला, पण ते पुढे.

नव्या स्क्रीनवर आत्याने पहिलं काम काय केलं? कोपऱ्यात चिकटपट्टी लावली. दुसरं काम म्हणजे आपली तबकडी उघडली आणि किंचाळली.

"माझी वर्तुळं लठ्ठ झाली!"

खरंच झाली होती. सगळ्या तबकड्या आडव्या सुटलेल्या, जेवून पहुडल्यासारख्या. आत्याने त्यावर विचार केला. घर बदलताना सामान चेपतं, तसं जुन्यातून नव्यात येताना फायली चेपल्या असणार. यात तिला काही विशेष वाटलं नाही. ती बसली आणि दोन दिवस एकेक तबकडी कडेने धरून आत आत ढकलत राहिली, डोळ्याला गोल दिसेपर्यंत. संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "आज चाळीस जणींना बारीक केलं." बाबा म्हणाले, "ताई, पत्ता दे, माझ्या साहेबांनाही पाठवतो."

त्यात एका शाळेचं काम होतं. साठ वर्ग, साठ घड्याळं. फाइल छापखान्यात गेली आणि गुरुवारी साठ तबकड्यांचा गठ्ठा आला. मालकांनी दोरी सोडली, वरचा कागद काढला आणि या वेळी "मी काय म्हणतो" न म्हणताच म्हणाले, "हे अंडं आहे."

अंडंच होतं, उभं. बारा आणि सहा एकमेकांपासून लांब, तीन आणि नऊ दाटीवाटीने जवळ. साठच्या साठ.

आत्याने एक तबकडी हातात घेतली, दुसरी घेतली. मग वर जाऊन स्क्रीन बघून आली. स्क्रीनवर गोल, हातात अंडं. ती खुर्चीवर बसली.

"मी काय म्हणतो..." मालक बऱ्याच वेळाने म्हणाले, आवाज खाली आणून, आजारी माणसाशी बोलतात तसा. "वय होतं माणसाचं. त्यात लाजायचं काही नाही. सोमवारी बाहेरचा एक जण बोलावतो, तो काढेल. तुम्ही पुन्हा पॅकिंगला बसा. खाली उजेडही चांगला आहे."

त्या दिवशी आत्या घरी आली ती कुणाच्याही मनगटाकडे न बघता. मी टेन्शननाहीची नक्कल केली, हसली नाही. मालकांची केली, तर उठून आत गेली. आईने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

शुक्रवारी ती चष्मेवाल्याकडे गेली. मी बरोबर होते. त्याने तक्ता दाखवला, वरून खाली अक्षरं लहान लहान होत जाणारा. आत्याने शेवटची ओळ वाचली. त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. मग म्हणाली, "हा तक्ता उजवीकडून उतरलाय. खिळा बदला."

चष्मेवाल्याने उठून बघितलं. तक्ता खरंच उतरला होता. "बाई," तो म्हणाला, "तुम्हाला माझी गरज नाही. मलाच तुमची आहे."

मला वाटलं, संपलं. पण बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "डोळा चांगला आहे, ते मलाही माहीत होतं. नजर गेली असेल तर? डोळ्याला चष्मा लागतो गं. नजरेला काय लावायचं?"

मी कुणाचीच नक्कल न करता तिचा हात धरून चालत राहिले.

रात्रीचं जेवण झाल्यावर बाबांनी तिच्यापुढे कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली. "काढ."

"काय?"

"गोल. नुसत्या हाताने."

"नको रे."

"ताई, लहानपणी मला चंद्र काढून द्यायचीस, आणि मी रडायचो की याला नाक नाही. काढ."

आत्याने मान डावीकडे टाकली, ओठ पुढे काढले आणि एका दमात काढला. आई स्वयंपाकघरातून बशी घेऊन आली, त्यावर पालथी घातली. चारी बाजूंनी रेघ सारखी डोकावत होती, केसाएवढी. मग आई म्हणाली, "आमची बशी जरा वाकडी आहे वाटतं."

आत्या दोन दिवसांनी पहिल्यांदा हसली. पण लगेच गंभीर झाली आणि कागदाकडे बघत राहिली. "नजर इथे आहे," ती हळूच म्हणाली, "मग तिकडे खोटं कोण बोलतंय?"

शनिवारी माझी शाळा अर्धी असते आणि कारखाना शाळेच्या मागेच आहे, म्हणून मी थेट तिथे गेले. वर पोचले तर आत्याने चिकटपट्टी काढली होती! अकरा वर्षांत पहिल्यांदा मी ते आकडे बघितले. रुंदी दोनशे पंचवीस, उंची तीनशे. आणि त्यांच्या शेजारी स्क्रीनवर अगदी गोल गरगरीत तबकडी.

मालक तिथेच होते. "मी काय म्हणतो... आकडे खोटं बोलत नाहीत."

"माझा डोळाही बोलत नाही," आत्या म्हणाली. "तेव्हा मधला कुणीतरी बोलतोय. ही स्क्रीन."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मालक म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांना वाईट वाटलं असावं, कारण ते खिडकीबाहेर बघायला लागले.

आत्या उठली आणि काटेकाकांच्या टेबलापाशी गेली. काटेकाका घड्याळांना काटे बसवतात. वरच्या खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, डोळ्याला भिंग लावून, हातात चिमटा. ते बोलत नाहीत. "हं" म्हणतात. मी मोजले आहेत, एकूण सात प्रकारचे हं आहेत. चहा हवा, चहा नको, बरोबर, चूक, कोण आलंय, जाऊ दे, आणि घरी चला.

"मोजपट्टी द्या," आत्या म्हणाली.

काटेकाकांचं भिंगच खाली पडलं. सव्वीस वर्षांत आत्याने कधी पट्टी मागितली नव्हती. त्यांनी स्टीलची पट्टी काढली, शर्टाला पुसली आणि दोन्ही हातांनी दिली.

आत्याने कॉम्प्युटरवर एक चौकोन काढला. रुंदी तीनशे, उंची तीनशे, या वेळी आकडे बघून. मग उठून पट्टी थेट काचेवर लावली. "उंची बारा सेंटीमीटर." पट्टी आडवी केली. "रुंदी सोळा."

ती वळली. "मालक, या तुम्ही. तुम्हीच वाचा."

मालकांनी वाचलं. परत वाचलं. स्वतःच पट्टी धरून वाचलं. "सोळा," ते म्हणाले. मग बराच वेळ थांबून म्हणाले, "मी काय म्हणतो... अंगण वाकडं आहे."

टेन्शननाहीला फोन गेला. तो स्कूटरवरून आला आणि जिन्यातच सुरू झाला. "टेन्शन नाही! ऑटोमॅटिक आहे, चुकूच शकत नाही. हा स्वतः ओळखतो..." त्याने स्क्रीनच्या सेटिंगचं पान उघडलं. त्यात वर स्क्रीनचं नाव असतं. तिथे लिहिलं होतं: अनोळखी.

मालकांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "अ-नो-ळ-खी."

"ओळखतो म्हणालास ना?" आत्या म्हणाली. "हा तर तिला ओळखही दाखवत नाही."

टेन्शननाहीला पहिल्यांदा थोडं टेन्शन आलं. त्याने "शोधा" असं लिहिलेलं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. लिफ्टचं दाबतात तसं सहा-सात वेळा दाबलं. अनोळखी ती अनोळखीच. मग डोकं खाजवत त्याने समजावलं, आणि खरं सांगते, चांगलं समजावलं. कॉम्प्युटर सुरू होताना स्क्रीनला विचारतो, तू कोण, तुझी रुंदी किती, उंची किती. स्क्रीन वायरीतूनच उत्तर देते. उत्तर आलं नाही, तर कॉम्प्युटर जोखीम घेत नाही. जुन्या काळच्या स्क्रीनचं एक बेताचं, चौकोनीसं माप धरून चित्र पाठवतो. आणि ही नवी लांबरुंद स्क्रीन ते चित्र ताणून स्वतःच्या अंगभर पसरवते.

"म्हणजे माप न घेता कपडे शिवले," आत्या म्हणाली.

"माप विचारलं होतं, मावशी. समोरून कुणी बोललंच नाही."

"का नाही बोललं?"

"तेच तर कळत नाही. स्क्रीन नवी, कॉम्प्युटर नवा..."

"हं," काटेकाका म्हणाले.

हा आठवा प्रकार होता. मी लगेच वळले. काटेकाका उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी खण उघडला, काड्यापेटी काढली, ती टेबलावर ठेवली आणि बोटाने उघडली. आत कापसावर एक पिन होती, सोनेरी, तांदळाच्या दाण्याहून बारीक.

"वायरीतली," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडेच बघायला लागले, म्हणून त्यांना पुढे बोलावं लागलं. मी त्यांचं इतकं लांब बोलणं आयुष्यात ऐकलं नव्हतं. "बसवायच्या दिवशी. हा चहाला गेला होता. वायरीच्या तोंडात पिना असतात ना, त्यातली एक वाकली होती. म्हटलं, सरळ करू. चिमट्याने धरली. तुटली." त्यांनी काड्यापेटी जवळ ओढली. "वायर लावून बघितली. चित्र आलं. घड्याळात एक चाक काढलं तर घड्याळ बंद पडतं. हे चालू होतं. म्हटलं, ही पिन जादाची असणार."

"जादाची!" टेन्शननाहीने वायर उपटून तोंड उजेडात धरलं. "काका, बाकीच्या चित्र नेतात. स्क्रीनचं उत्तर हिच्यातून येतं! तुम्ही तिची जीभच काढून ठेवलीत!"

"फेकली नाही," काटेकाका म्हणाले. "जपून ठेवलीय."

आत्या त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता भडकणार. दोन दिवस ती कशी होती ते मी पाहिलं होतं. पण तिचे खांदे हलायला लागले, मग पोट, आणि मग ती पट्टी धरून इतकी हसली की मालकांनी तिला पाणी आणून दिलं.

टेन्शननाहीच्या पिशवीत नवी वायर होती. त्याने ती लावली आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. स्क्रीन काळी झाली. सगळे पुढे वाकले. मग उजेड आला, आणि अनोळखीच्या जागी स्क्रीनचं नाव, नंबर आणि माप, सगळं आलं. पडद्यावरची चित्रं सडपातळ झाली, कमरेचा पट्टा आवळल्यासारखी.

आत्याने शाळेची तबकडी उघडली. पडद्यावर उभं, लांबुडकं अंडं आलं.

"अंडं!" आत्या ओरडली. "अंडं आहे! बघा हो, अंडं दिसतंय मला!"

एवढ्या आनंदाने अंड्याचं स्वागत जगात कोंबडीनेही केलं नसेल.

मग ती बसली. पट्टी काटेकाकांना परत दिली आणि कोपऱ्यावर नवी चिकटपट्टी लावली. मालक म्हणाले, "मी काय म्हणतो... चिकटपट्टी आता कशाला? आकडे दिसू देत की."

"तुम्हाला बघायचे तर नंतर बघा," ती म्हणाली. मान डावीकडे, ओठ पुढे. तबकडीला दोन्ही कडांनी धरलं आणि हळूहळू बाहेर ओढलं. थांबली. पाव केसाने आत ढकललं. थांबली. हात उचलला.

मालकांना कुठला धीर! त्यांनी नखाने पट्टीचं टोक उचललं आणि वाकून वाचलं. "उंची तीनशे. रुंदी... तीनशे एक." ते सरळ झाले. "एक जास्त आहे."

"तो एक आहे म्हणून ते गोल दिसतंय," आत्या म्हणाली. "काढू?"

मालकांनी डोळे बारीक केले. मान डावीकडे टाकली. मी शप्पथ सांगते, ओठही पुढे काढले. मग पट्टीचं टोक पुन्हा नीट चिकटवलं, अंगठ्याने दाबलं आणि खिशातून फोन काढून जिन्यात गेले. ते खालच्या आवाजात बोलत होते, पण माझ्या कानांना खालचा आवाज म्हणून काही नसतोच. "मी काय म्हणतो... सोमवारी येऊ नका. नाही, नाही, काम आहे. माणूसही आहे. माणूस आमच्याकडे आधीपासून आहे." परत वर आले तेव्हा म्हणाले, "मी आधीच म्हणत होतो, ती वायर जुनी आहे." यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मालकांना एवढी सूट द्यावी लागते.

साठ तबकड्या पुन्हा छापल्या. शाळेत लागल्या. आमच्या नाही, दुसऱ्या शाळेत, पण मी एकदा कुंपणावरून बघून आले. बारा हसतो.

काटेकाका पुढच्या रविवारी आमच्या घरी आले. कागदात गुंडाळलेलं काहीतरी आत्याच्या हातात दिलं, "हं" म्हणाले (हा नववा, याला मी "माफ करा" असं नाव दिलंय) आणि चहासुद्धा न घेता गेले. आत घड्याळ होतं. गोल डबा, गोल काच, आणि मधे त्या साठांतली एक अंड्याची तबकडी, दोन्ही बाजूंना पांढरी जागा सोडून, नीट मधोमध बसवलेली.

आता ते स्वयंपाकघरात आहे. वेळ अगदी बरोबर दाखवतं. फक्त मोठा काटा सव्वाला आणि पाऊणला आकड्यांच्या बाहेर जातो, अंथरुणातून पाय बाहेर आल्यासारखा. आत्या रोज चहा पिताना त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "आकडे मात्र छान बसलेत." आणि आई सकाळी पोळपाटावरून मान न उचलता ओरडते, "काटा बाहेर आला! नीघ शाळेला!"